भला माणूस न्यायाधीश झाला, तरी कायदा कळायला हवा

भाऊबंदकीचा वाद असो की शेजाऱ्याशी भांडण, मोहल्ल्यातल्या सचोटीच्या वडीलधाऱ्याकडे आपण विश्वासाने जातो. पण हाती कुणाला तुरुंगात धाडण्याचा अधिकार असेल, तर नुसता भलेपणा पुरेसा आहे का? अमेरिकेतील एका जुन्या खटल्याने आम्हाला या प्रश्नावर विचार करायला लावले.

तिथे अनेक राज्यांत न्यायाधीश मतदानाने निवडले जातात. केंटकी राज्यात लहान शहरांच्या पोलीस न्यायालयात न्यायाधीश होण्यासाठी पूर्वी वकील असण्याची अट नव्हती. लिंच या कोळसा खाणींच्या गावचा न्यायाधीश स्वतः खाण कामगार होता. १९७४ च्या जुलैत दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल एक आरोपी त्याच्यापुढे आला. पहिल्याच वेळच्या अशा गुन्ह्याला कायद्यात कैद नव्हती, फक्त दंड होता. तरीही न्यायाधीशाने १५० डॉलर दंडाबरोबर ३० दिवसांची कैद सुनावली.

प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७६ मध्ये बहुमताने निकाल लागला की, ही पद्धत घटनाबाह्य नाही; कारण आरोपीला वरच्या न्यायालयात, वकील असलेल्या न्यायाधीशापुढे, खटला पहिल्यापासून चालवून घेण्याचा हक्क आहे. दोन न्यायमूर्तींना हे पटले नाही. आरोपीला वकील मिळाला, पण त्याचा युक्तिवाद न्यायाधीशालाच कळत नसेल, तर त्या वकिलाचा उपयोग काय, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

आम्हाला हाच मुद्दा मोलाचा वाटतो. वर दाद मागण्यासाठी पैसा, वेळ आणि माहिती लागते. गरिबाकडे नेमके तेच नसते. न जाणता निवाडा करणाऱ्या काझीला हदीसमध्ये कडक इशारा दिला आहे, तो उगाच नाही.

केंटकीने १९७५ च्या घटनादुरुस्तीने ही न्यायालये मोडीत काढण्याचे ठरवले आणि नव्या न्यायालयांत वकीलच न्यायाधीश असावा अशी अट घातली. न्यूयॉर्क राज्यातील गावपातळीवर मात्र आजही वकील नसलेली व्यक्ती निवडून येऊन न्यायाधीश होऊ शकते. तिला प्रशिक्षण घ्यावे लागते. आपल्याकडे ग्राम न्यायालय कायदा, २००८ प्रमाणे न्यायाधिकारी निवडून येत नाही, नेमला जातो. आणि प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची पात्रता त्याच्याकडे असावी लागते.

घरातल्या मुलामुलींना कायदा शिकवू या. आणि निकाल चुकीचा वाटला, तर नशिबाला दोष देत बसण्याआधी अपिलाची मुदत विचारू या.