विश्लेषण : सर्वाधिक यशस्वी कर्णधार मेग लॅनिंग ३१ व्या वर्षीच का थांबली?

कर्णधार म्हणून पाच विश्वविजेतेपदे, खेळाडू म्हणून आणखी दोन, शिवाय राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेचे सुवर्णपदक. ऑस्ट्रेलियाच्या मेग लॅनिंगइतके यश क्रिकेटमध्ये फारच थोड्या कर्णधारांच्या वाट्याला आले आहे. तरीही ९ नोव्हेंबर २०२३ रोजी, वयाच्या ३१ व्या वर्षी तिने आंतरराष्ट्रीय क्रिकेटला रामराम ठोकला. त्याच वर्षी फेब्रुवारीत तिने टी-२० विश्वचषक उंचावला होता. मग नेमके घडले काय?

सुरुवात कशी झाली?

लॅनिंगचा जन्म २५ मार्च १९९२ रोजी सिंगापूरमध्ये झाला. ती वाढली ऑस्ट्रेलियात. मेलबर्नमध्ये शाळेत असताना १४ व्या वर्षीच ती मुलांच्या मुख्य संघातून खेळली. डिसेंबर २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय पदार्पण झाले आणि जानेवारी २०११ मध्ये, कारकीर्दीतील दुसऱ्याच एकदिवसीय सामन्यात तिने इंग्लंडविरुद्ध पर्थ येथे नाबाद १०४ धावा केल्या. तेव्हा ती अवघी १८ वर्षांची होती. २०१४ मध्ये, २१ व्या वर्षी ती ऑस्ट्रेलियाची सर्वांत तरुण कर्णधार ठरली.

आकडे काय सांगतात?

लॅनिंगने १८२ आंतरराष्ट्रीय सामन्यांत नेतृत्व केले. त्यातील ७८ एकदिवसीय सामन्यांपैकी ६९ ऑस्ट्रेलियाने जिंकले. म्हणजे दर दहा सामन्यांत जवळपास नऊ विजय. १०० टी-२० सामन्यांत ७६ विजय मिळाले. कर्णधारपदाचा भार असूनही फलंदाजी मंदावली नाही. १०३ एकदिवसीय सामन्यांत ५३ हून अधिक सरासरीने ४,६०२ धावा आणि १५ शतके. निवृत्तीच्या वेळी महिला एकदिवसीय क्रिकेटमधील शतकांचा हा विक्रम होता.

२०१७ च्या पराभवानंतर काय बदलले?

२०१७ च्या विश्वचषक उपांत्य फेरीत हरमनप्रीत कौरच्या नाबाद १७१ धावांनी ऑस्ट्रेलियाला घरी पाठवले. त्या सामन्यात झुलन गोस्वामीने लॅनिंगला शून्यावर त्रिफळाचीत केले. त्यानंतर खांद्याच्या दुखापतीमुळे लॅनिंग अ‍ॅशेस मालिकेलाही मुकली.

ती परतली मार्च २०१८ च्या भारत दौऱ्यात. मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर तिरंगी मालिकेच्या अंतिम सामन्यात तिने इंग्लंडविरुद्ध ४५ चेंडूंत नाबाद ८८ धावा फटकावल्या. याच दौऱ्यातील बडोद्याच्या एकदिवसीय मालिकेपासून ऑस्ट्रेलियाची सलग २६ विजयांची मालिका सुरू झाली. रिकी पाँटिंगच्या पुरुष संघाचा २१ विजयांचा विक्रम मागे पडला. ही घोडदौड अखेर सप्टेंबर २०२१ मध्ये भारतानेच रोखली.

दरम्यान ८ मार्च २०२० रोजी मेलबर्नमध्ये ८६,१७४ प्रेक्षकांसमोर भारताला हरवून टी-२० विश्वचषक, एप्रिल २०२२ मध्ये एकदिवसीय विश्वचषक आणि ऑगस्टमध्ये राष्ट्रकुल सुवर्ण, असा धडाका सुरूच होता.

मग विश्रांती का घेतली?

राष्ट्रकुल स्पर्धेनंतर काही दिवसांतच लॅनिंगने अनिश्चित काळासाठी विश्रांती घेतली. या काळात तिने मेलबर्नमधील एका कॅफेत कॉफी बनवण्याचे, भांडी धुण्याचेही काम केले. २०२३ च्या सुरुवातीला ती परतली आणि टी-२० विश्वचषक जिंकला. मात्र काही महिन्यांनी वैद्यकीय कारणास्तव तिने अ‍ॅशेस दौऱ्यातून माघार घेतली. कारण तेव्हा जाहीर झाले नाही.

ते समोर आले एप्रिल २०२४ मध्ये, एका पॉडकास्टमधून. लॅनिंगच्या सांगण्यानुसार ती आठवड्याला ८५ ते ९० किलोमीटर धावत होती आणि त्या मानाने खूपच कमी खात होती. वजन घटले, झोप उडाली, माणसे टाळणे सुरू झाले. दौऱ्यावर जाण्याच्या शारीरिक वा मानसिक स्थितीत आपण नव्हतो, असे तिने स्पष्ट केले.

खेळाडूच्या बाबतीत हे ओळखणे अवघड का?

कारण जादा व्यायाम आणि काटेकोर आहार ही एरवी खेळाडूची शिस्त मानली जाते. ज्या गोष्टीसाठी सराव शिबिरात पाठ थोपटली जाते, तीच हाताबाहेर गेली तर बाहेरून फरक दिसत नाही. धावफलकही ते सांगत नाही. लॅनिंगचा संघ जिंकतच होता. त्यातच वयाच्या २१ व्या वर्षापासून कर्णधारपद, म्हणजे प्रत्येक निर्णयाची जबाबदारी. अशा वेळी सामन्यांच्या निकालापलीकडे खेळाडूची झोप, आहार आणि वागण्यातील बदल यांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा संघाकडे हवी.

निवृत्तीनंतर काय?

लॅनिंगने बॅट खाली ठेवली नाही, लीग क्रिकेट सुरूच ठेवले. महिला प्रीमियर लीगमध्ये तिच्या नेतृत्वाखाली दिल्ली कॅपिटल्सने २०२३, २०२४ आणि २०२५ अशा सलग तीन वर्षी अंतिम फेरी गाठली. तिन्ही वेळा हार पत्करावी लागली. त्यातील दोन पराभव ब्रेबॉर्नवर मुंबई इंडियन्सकडून झाले.

भारतातही आता महिला क्रिकेटपटूंचे वेळापत्रक भरगच्च होत आहे. लीग, दौरे, जाहिराती आणि अपेक्षा एकाच वेळी वाढत आहेत. सात विश्वविजेतेपदे नावावर असलेल्या खेळाडूलाही थांबावे लागले आणि तिने ते उघडपणे सांगितले. तिच्या विक्रमांइतकीच ही गोष्टही पुढच्या पिढीच्या कामाची आहे.