थाळीवर कोरलेला हिशेब

फ्रान्सच्या दक्षिण भागात, टार्न आणि दूर्बी या दोन नद्यांच्या संगमाजवळ, मियो नावाचे गाव आहे. त्या गावाशेजारच्या मळईच्या जमिनीत, ला ग्रॉफसँक या ठिकाणी, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी कुंभारांची एक मोठी वसाहत नांदत होती. आणि तेथील उत्खननात लाल, तुकतुकीत भांड्यांच्या खापरांचे जे ढीग निघाले, त्यांत काही थाळ्या अशा सापडल्या की, ज्यांवर माती पुरती वाळण्यापूर्वीच टोकदार काडीने भराभर ओळी कोरल्या होत्या. प्रथम कुंभाराचे नाव, मग भांड्याचा प्रकार, मग कोठे कोठे त्याचे माप, आणि शेवटी नगांची संख्या. कोणाची किती भांडी आव्यात रचली, त्याची ही याददाश्त होय. हिशेबाची थाळी बाकीच्या मालाबरोबर त्याच आव्यात भाजून निघे. म्हणून त्या काळचे पपायरस आणि मेणाच्या पाट्या त्या मुलखातून नाहीशा झाल्या, तरी कुंभारांचे हे दप्तर अग्नीनेच पक्के करून ठेवले.

प्राचीन जगाविषयी आपण जे वाचतो त्यातील बहुतेक भाग राजांच्या शिलालेखांतून, सेनापतींच्या आत्मवृत्तांतून आणि धनिकांच्या आश्रयाने वाढलेल्या ग्रंथकारांकडून आलेला आहे, आणि यांपैकी प्रत्येकाला भावी पिढ्यांनी आपल्याविषयी काय मानावे याची चिंता होती. ला ग्रॉफसँकच्या थाळ्यांवर लिहिणाऱ्याला ती चिंता नव्हती. आवा उघडल्यावर आपल्या वाट्याची भांडी मोजून घेणाऱ्या कुंभाराशी तंटा होऊ नये, एवढ्यासाठीच तो लिहीत होता; संख्या चुकली असती तर दुसऱ्याच आठवड्यात त्याला जाब द्यावा लागला असता. या कारणाने मला हा लेख कित्येक विजयस्तंभांहून अधिक विश्वासार्ह वाटतो.

ही भांडी कशी होत, हे प्रथम पाहिले पाहिजे. विद्वानांनी त्यांना ‘टेरा सिगिलाटा’ असे नाव दिले आहे. ‘सिगिलुम’ म्हणजे लहान उठावाची आकृती, आणि अशा आकृत्या ज्यांवर उमटल्या आहेत ती माती, असा त्याचा अर्थ. ही कला इटलीतील अरेतियुम, म्हणजे आजचे आरेत्सो, येथे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात भरास आली आणि तेथून गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, पोहोचली. साधी थाळी किंवा वाटी चाकावर फिरवून होई. नक्षीच्या वाडग्याची रीत मात्र निराळी होती. कारागीर प्रथम जाड मातीचा साचा घडवी आणि तो ओला असतानाच त्याच्या आतल्या अंगावर ससे, पक्षी, वेली, मल्ल अशा आकृत्यांचे लहान लहान ठसे दाबी. साचा भाजून झाला की तो चाकावर बसवून त्याच्या पोटात माती चढवली जाई. वाळताना माती आकसते, हा तिचा दोष समजला जातो. येथे त्याच गुणामुळे वाडगा साच्यापासून आपोआप सुटा होई, आणि साचा पुढच्या वाडग्यासाठी मोकळा राही. मग काठ वळवावा, खाली बैठकीची कडी लावावी, की भांडे तयार.

त्या भांड्याची लाल तकाकी हा काचेचा लेप नव्हे. चिकणमाती पाण्यात कालवून तिचे जड कण खाली बसू द्यायचे, आणि वर तरंगत राहिलेल्या अतिसूक्ष्म गाळाचे पातळ पाणी घेऊन त्यात वाळलेले भांडे बुडवायचे, एवढीच ती युक्ती. आव्यातील उष्णता हजार अंशांच्या आसपास गेली की हे सूक्ष्म कण एकजीव होऊन पृष्ठभाग घट्ट आणि चकचकीत होतो. मातीतील लोहाला भरपूर हवा मिळाल्याने रंग प्रवाळासारखा लाल येतो. धूर लागला तर तोच लोहांश भांडे काळे करून टाकी. यासाठी ज्वाला आणि धूर भांड्यांना न लागता मातीच्या नळ्यांतून वर निघून जाईल अशी आव्याची रचना केलेली असे. असा आवा बांधणे, त्याला जळण पुरवणे आणि दिवसरात्र त्याची आच सांभाळणे हे एकट्या कुंभाराच्या आवाक्यातले काम नव्हते.

येथेच थाळीवरील हिशेबाचे मर्म आहे. एका भरण्यात पंचवीस-तीस हजार नग रचले जात, आणि ते एका धन्याचे नसत. आल्बानोस, सुम्माकोस, मासुएतोस अशी नावे एकाखाली एक येतात, प्रत्येकाच्या नावापुढे त्याच्या थाळ्या, वाट्या, पेले यांची मोजदाद असते, आणि माथ्यावर हा कितवा आवा तेही लिहिलेले असते. हा क्रमांक पुष्कळदा लॅटिन भाषेत नसून गॉल लोकांच्या स्वतःच्या भाषेत आहे. ती भाषा पुढे लोपली. तिच्यात पहिला, दुसरा, तिसरा असे दहापर्यंत कसे म्हणत हे आज आपल्याला ठाऊक आहे ते मुख्यतः या कुंभारांच्या याद्यांमुळेच. भांड्यांची नावे कोठे लॅटिन, कोठे गॉलिश, कोठे दोन्हींची सरमिसळ. राज्यकर्त्यांची भाषा बाजारात आणि शिक्क्यांवर रुळली होती, पण आव्याजवळ उभे राहून मोजताना तोंडी येत होती ती आईची भाषा, हे या थाळ्या पाहताना स्पष्ट दिसते.

काही अभ्यासकांनी या वसाहतीला ‘कारखाना’ म्हटले आहे. संख्या पाहता तो शब्द सहज सुचतो, परंतु मला तो पटत नाही. कारखान्यात मालक एक आणि माल त्याचा. येथे लहान लहान कार्यशाळा वेगळ्या आहेत, प्रत्येकाचा नाममुद्रेचा शिक्का वेगळा आहे, आणि सामाईक आहे तो अग्नी. आपल्याकडील कुंभारवाड्यातील मनुष्याला ही व्यवस्था समजावून सांगावी लागणार नाही. मात्र या चित्राला केवळ सौहार्दाचा रंग देणेही न्यायाचे होणार नाही. त्याच ठिकाणी सापडलेल्या एका यादीत एका धनिणीच्या गुलामांची रोजची कामगिरी नोंदली आहे: कोणी माती आणायला, कोणी लाकडाच्या कामावर, कोणी बाजारात. शिक्क्यावर ज्यांचे नाव कधीच उमटले नाही अशांचे श्रमही त्या तकाकीत मिसळलेले आहेत.

आता व्यापाराकडे वळू. संगमाजवळचे हे गाव समुद्रापासून दूर, डोंगराळ मुलखात; तेथून माल खुश्कीच्या मार्गाने नार्बोन बंदराकडे जाई आणि तेथून जहाजांवर चढे. भांडी स्वस्त असत, म्हणून केवळ त्यांच्यासाठी जहाज धाडणे परवडणारे नव्हते. तेल, मद्य अशा किमती मालाच्या मधल्या मोकळ्या जागेत त्यांची रवानगी होई. स्पेनच्या ईशान्य किनाऱ्यावर, क्रेउस भूशिराजवळ बुडालेल्या एका लहान गलबतात सत्तर-ऐंशी तेलाचे कुंभ आणि त्यांच्या जोडीला ला ग्रॉफसँकची अडीच हजारांहून अधिक भांडी सापडली. पाँपेईत तर १८८१ साली एका घरात एक अख्खी पेटीच हाती लागली. तिच्यात दक्षिण गॉलचे ९० नक्षीदार वाडगे आणि ३७ दिवे होते, एकही वापरलेला नाही. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसची राख कोसळली, तेव्हा हा माल नुकताच येऊन पडला होता. ज्या इटलीने ही कला गॉलला शिकवली, त्याच इटलीच्या घरात गॉलचा माल विकत घेतला जात होता.

तेलाच्या कुंभांचा उल्लेख आला, म्हणून रोममधील मोंते तेस्ताच्चो या टेकडीविषयी थोडे सांगितले पाहिजे. सुमारे ३५ मीटर उंचीची ही टेकडी निव्वळ फुटक्या कुंभांची आहे. स्पेनमधील ग्वादाल्किवीर नदीच्या खोऱ्यातून सरकारी रसदीचे तेल येई. कुंभ गोल पोटाचा, रिकामा असतानाच सुमारे ३० किलो वजनाचा, आणि त्यात ७० लिटरच्या आसपास तेल मावे. तेल खवट होऊन मातीत मुरल्यावर तो कुंभ पुन्हा कामाचा राहत नसे. म्हणून तो फोडून, व्यवस्थित रचून, दुर्गंधी दबावी यासाठी वर चुना टाकला जाई. येथे सुमारे ५ कोटी ३० लाख कुंभ फोडले गेले असावेत, असा एक अंदाज आहे. जर्मन पंडित हाइन्रिश ड्रेसेल याने १८७२ पासून या खापरांवरील शाईचा मजकूर वाचण्यास आरंभ केला, आणि कळून आले की, प्रत्येक कुंभ म्हणजे एक चालताबोलता दस्तऐवज आहे: रिकाम्या कुंभाचे वजन, तेलाचे वजन, व्यापाऱ्याचे नाव, तपासणीच्या नाक्याचे ठिकाण, आणि कोणत्या कॉन्सलांचे वर्ष ते साल. जकातीची आणि रसदीची रुजुवात इतक्या काटेकोरपणे ठेवणारे दप्तर नंतरच्या कित्येक राज्यांना साधले नाही.

या व्यापाराचे एक टोक आपल्या देशापर्यंत पोहोचले होते. ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविकाच्या टिपणात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालात इटलीचे मद्य प्रथम गणले आहे, आणि पैठण व तगर, म्हणजे आपले तेर, येथून गाड्यांवर लादून भडोचला जाणाऱ्या मालाचीही नोंद आहे. पाँडिचेरीजवळील अरिकामेडू येथे १९४५ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी उत्खनन केले, तेव्हा त्यांना अरेतियुमच्या धर्तीची शिक्क्यांची भांडी मिळाली. आणि ज्या थरात ती मिळाली त्याचा काळ त्यांवरून ठरल्यामुळे, त्याच थरातील देशी भांड्यांनाही प्रथमच निश्चित तारीख लाभली. पुढे नेवासे येथे डॉ. सांकलिया यांच्या १९५४ ते ५६ मधील उत्खननात अशा आयात कुंभांची खापरे हाती आली. एके काळी अशा सर्वच खापरांना सरसकट ‘रोमन’ म्हणण्याचा प्रघात होता. नंतरच्या अभ्यासाने त्यांतील पुष्कळशी इराणी आखाताच्या बाजूची, मेसोपोटेमियातील कुंभांची ठरली. यात निराश होण्याजोगे काही नाही. उलट पश्चिम समुद्रावरील आपले व्यवहार एकट्या रोमशी नव्हते, ही अधिक मोलाची माहिती त्यातून मिळाली. आणि ती मिळाली ती मातीचा पोत, आतल्या अंगाला लागलेले डांबर आणि खापर कोणत्या थरातून निघाले याची नोंद, एवढ्याच आधारावर.

तेर, नेवासे, भोकरदन, पैठण या गावांच्या पांढरीत आजही पावसाळा संपला की खापरे उघडी पडतात. वाचकांपैकी कोणाला तेथे काठाचा किंवा कानाचा वेगळा दिसणारा तुकडा आढळला, तर तो उचलून घरी नेऊ नये. जागा नीट लक्षात ठेवून राज्याच्या पुरातत्त्व खात्याला कळवावे, कारण जागेवरून हललेल्या खापराचा काळ मग कोणालाही सांगता येत नाही.