मत्स्यशेती, गोड्या पाण्यातील

तळी, शेततळी व जलाशय यांत खाद्य माशांचे बीज सोडून व त्याची जोपासना करून ठराविक काळाने उत्पादन काढण्याच्या व्यवसायास गोड्या पाण्यातील मत्स्यशेती म्हणतात. मासेमारीत निसर्गात वाढलेले मासे पकडले जातात. मत्स्यशेतीत मशागत, पेरणी, खत, राखण व काढणी ही शेतीची सर्व अंगे असतात. योग्य आकाराचे बीज वेळेवर मिळणे यावर तिचे यश मुख्यतः अवलंबून असते.

बीज : कटला (तांबरा), रोहू व मृगल हे भारतातील प्रमुख संवर्धनयोग्य मासे होत. साठलेल्या पाण्यात ते प्रौढ होतात. परंतु सामान्यतः तेथे अंडी घालीत नाहीत. त्यासाठी त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. त्यामुळे पूर्वी बीज नद्यांतून गोळा करावे लागे व त्यात इतर मांसभक्षक जातींचीही पिले येत. १९५७ मध्ये ओडिशातील अंगुल येथे हीरालाल चौधरी व के. एच. अलिकुन्ही यांनी माशांच्या मेंदूच्या तळाशी असणाऱ्या पोष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले आणि शुद्ध बीजाची निर्मिती शक्य झाली. या घटनेच्या स्मरणार्थ १० जुलै हा दिवस राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो. अंड्यांतून निघालेल्या सूक्ष्म पिलांस जिरे, सु. २५ मिमी. लांबीच्या पिलांस मत्स्यबीज व ८० ते १०० मिमी. लांबीच्या पिलांस बोटुकली म्हणतात.

भंडारदरा परिसर : अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, रतनगडाच्या परिसरात उगम पावणाऱ्या प्रवरा नदीवर भंडारदरा येथे १९२६ मध्ये धरण पूर्ण झाले. पावसाळ्यात भरणाऱ्या या जलाशयाचे पाणी खालच्या भागातील सिंचनासाठी सोडले जात असल्याने उन्हाळ्यात त्याची पातळी पुष्कळ खालावते. अशा खोल व विस्तीर्ण जलाशयात खत व खाद्य घालणे शक्य नसते आणि लहान पिले मोठ्या माशांच्या भक्ष्यस्थानी पडतात. म्हणून तेथे जिरे सोडणे व्यर्थ ठरते. बोटुकलीच सोडावी लागते. जिऱ्यापासून बोटुकली वाढविण्यास दोन ते तीन महिने लागतात. त्यामुळे बारमाही पाणी नसलेली लहान तळीही या कामी उपयोगी पडतात व जलाशयाकाठच्या आदिवासी शेतकऱ्यास त्यांपासून पूरक उत्पन्न मिळू शकते. अतिवृष्टीच्या या पट्ट्यात तळ्याचा बांध भक्कम हवा व सांडव्यास बारीक जाळी हवी. अन्यथा एका रात्रीच्या पावसात सर्व बीज वाहून जाते.

तळ्याची सिद्धता : पाणी धरून ठेवणारी चिकण माती व १·५ ते २ मी. खोली इष्ट असते. तळे कोरडे करता येत नसल्यास नको असलेले मासे मारण्यासाठी मोहाची पेंड (१ मी. खोलीस दर हेक्टरी २,५०० किग्रॅ.) टाकतात, तिचा विषारी परिणाम दोन ते तीन आठवडे टिकतो व नंतर तिचे खत होते. पाण्याची आम्लता घालविण्यास चुना देतात. भरपूर पावसाने धुपलेल्या मातीत त्याची गरज अधिक असते. शेणखताने प्लवक वाढते व पाण्यास हिरवट छटा येते.

संचयन व निगा : कटला पृष्ठभागावरील, रोहू मध्यस्तरातील व मृगल तळाशी असलेले अन्न खातो. म्हणून त्यांचे एकत्र संवर्धन करतात. दर हेक्टरी सु. ५,००० बोटुकली ४:३:३ या प्रमाणात सोडतात. चंदेरा, गवत्या व सायप्रिनस हे विदेशी मासेही त्यांच्या जोडीस घेतात. बीजाची पिशवी तळ्यात काही वेळ तरंगत ठेवून आतील व बाहेरील पाण्याचे तापमान सारखे झाल्यावरच पिले सोडतात. शेंगदाण्याची पेंड व भाताचा कोंडा समभाग मिसळून माशांच्या एकूण वजनाच्या २ ते ३ टक्के खाद्य रोज देतात. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर ते ऑक्सिजन कमी पडल्याचे लक्षण असते, कारण रात्री प्लवकही ऑक्सिजन वापरते. अशा वेळी खत व खाद्य थांबवून ताजे पाणी सोडतात. हिवाळ्यात वाढ मंदावते व खाद्यही कमी करावे लागते. सु. दहा ते बारा महिन्यांत मासे विक्रीयोग्य होतात.

प्रशिक्षण : मुंबई येथील केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था (स्थापना १९६१) व नागपूर येथील महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ यांच्याद्वारे या विषयाचे शिक्षण दिले जाते. नवशिक्याने एका लहान तळ्यापासून आरंभ करून बीज, खाद्य, मरतूक व विक्री यांची नोंदवही ठेवणे हितावह असते. पुढील हंगामातील बीजाची संख्या व खाद्याचे प्रमाण त्या नोंदींवरूनच ठरविता येते.