एक कर्जतची, एक कसाऱ्याची: दोन अ‍ॅरे गुंफायचे कसे?

आजचा प्रश्न छोटा आहे: दोन अ‍ॅरे एकाआड एक गुंफायचे, आणि तेही पटकन.

कल्याणला कर्जतकडून आणि कसाऱ्याकडून येणारे मार्ग एकत्र होतात. समजा पायथनमध्ये दोन लिस्ट आहेत, एकीत कर्जतच्या गाड्या, दुसरीत कसाऱ्याच्या. आपल्याला हवंय एक कर्जत, एक कसारा, परत एक कर्जत.

पहिल्यांदा सुचतं ते 'इन्सर्ट'. कर्जतच्या लिस्टमध्ये मधेमधे कसारा घुसवायचा. म्हणजे लोकलमधली चौथी सीट! "जरा सरका" म्हटलं की पुढचे सगळे सरकणार, आणि हे दर इन्सर्टला. दोन्हीकडे १ लाख घटक असतील तर सरकासरकी होते जवळपास ५०० कोटी वेळा. मुळात लिहायचे होते फक्त २ लाख.

त्यापेक्षा २ लाख रिकाम्या जागा आधीच घेऊन टाका. शून्यापासून मोजत सम जागांवर कर्जत, विषम जागांवर कसारा. स्लाइसला दोनची स्टेप दिली की दोन ओळींत काम होतं. नमपायमध्येही हेच, फक्त जागा 'एम्प्टी'ने घ्यायची. कुणालाच सरकावं लागत नाही.

खरी गोची लांबी वेगळी असली की होते. बरेच जण झिप वापरतात. दिसतं छान, पण छोटी लिस्ट संपली की झिप गुपचूप थांबतं. कर्जतच्या १२ आणि कसाऱ्याच्या ८ गाड्या असतील, तर कर्जतच्या शेवटच्या ४ गायब. एररही नाही! रात्रपाळीला निघालेल्या बदलापूरकराने काय करायचं?

पायथन ३.१० पासून झिपला 'स्ट्रिक्ट' सांगता येतं, मग लांबी जुळली नाही तर एरर येते. आलेली बरी. 'झिप लाँगेस्ट' रिकाम्या जागी 'नन' भरतं, पण डेटातच नन असेल तर खरा कुठला आणि भरलेला कुठला हे कळत नाही. मी सरळ छोट्या लिस्टच्या लांबीपर्यंत गुंफतो आणि उरलेलं शेपूट मागे जोडतो.

आता तुम्ही म्हणाल, कल्याणला गाड्या अशा एकाआड एक थोडीच सुटतात? बरोबर. तिथे वेळ बघतात, जिची वेळ आधी ती पुढे. ते गुंफणं नाही, ते मर्ज. मर्ज सॉर्टमधलं तेच मर्ज, त्यावर पुढच्या भागात बोलू.