घर बदलले आणि बिनतारी जाळे रुसले

गेल्या वर्षी जून महिन्यात आम्ही पुण्याचे भाड्याचे बिऱ्हाड मोडून साताऱ्यास आजोबांच्या जुन्या घरी राहावयास आलो. बाबांच्या आजारपणात त्यांची नोकरी सुटली होती व घरखर्चाचा मोठा भार ताईवर आला होता. ताई घरबसल्या संगणकावरून जर्मन भाषा शिकवते. रोज सायंकाळी सहा ते नऊ तिचे विद्यार्थी गावोगावाहून तिच्यासमोर ‘बसतात’. त्यामुळे आमच्या घरी इंटरनेट ही चैन नसून चुलीइतकीच गरजेची वस्तू आहे. आणि नेमके तेच नव्या घरी चालेना.

मी कला शाखेचा विद्यार्थी. यंत्र बिघडले की हाताची घडी घालून जाणकाराची वाट पाहावयाची, हा आमचा शिरस्ता. त्याप्रमाणे आम्ही कंपनीच्या माणसास बोलावले. त्याने ओसरीतल्या राउटरजवळ उभे राहून स्वतःच्या मोबाइलवर एक चित्रफीत लावली, “काका, लाइन एकदम ठीक आहे,” असे बाबांना सांगितले व तो निघून गेला. दुसऱ्या खेपेसही तेच. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण ताईचा संगणक होता माजघरापलीकडच्या खोलीत, आणि तो काही केल्या जोडला जात नव्हता. आठवड्याभरात ताईचे दोन विद्यार्थी सुटले. तिसऱ्यानेही “पाहू” म्हटले, तेव्हा मात्र मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

प्रथम मी इंटरनेटच्या वाटेचे तीन टप्पे पाडले. पहिला, बाहेरून काचतंतूच्या तारेने प्रकाशरूपाने संदेश येतो तो घरातल्या पेटीपर्यंतचा. दुसरा, राउटरपासून संगणकापर्यंतचा बिनतारी टप्पा. तिसरा, खुद्द संगणक. बिघाड यांपैकी कोठे आहे, एवढेच आधी शोधावयाचे; उपाय मागाहून. शिवाय एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, असा नियम मी स्वतःस घालून घेतला. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि काम झाले, तरी कशाने झाले ते कळत नाही. न झाले तर गोंधळ मात्र चौपट होतो.

काचतंतूच्या पेटीवर प्रकाश येत नसल्याची खूण सांगणारा तांबडा दिवा असतो. तो विझलेला होता. म्हणजे बाहेरची तार शाबूत होती. मग मी संगणक उचलून ओसरीत आणला आणि राउटरबरोबर मिळालेल्या आखूड तारेने त्याला जोडला. इंटरनेट तत्काळ सुरू झाले! या एका चाचणीने पहिला टप्पा निर्दोष ठरला व संगणकही धडधाकट असल्याचे कळले. दोष बिनतारी जोडणीत होता.

आता तार काढली. राउटर दोन हातांवर, मध्ये भिंत नाही, पडदा नाही. तरी संगणक जोडला जाईना. तेव्हा हा प्रकार अंतराचा नव्हता. थोडा विचार करता माझीच चूक ध्यानात आली. पुण्याच्या जुन्या राउटरला आम्ही जे नाव दिले होते, तेच मी हौसेने नव्यालाही दिले होते. परवलीचा शब्द मात्र निराळा होता. बिचारा संगणक ओळखीचे नाव पाहून जुनीच किल्ली पुनःपुन्हा लावीत होता! संगणकाच्या यादीतून ते नाव पुसून टाकले, नवा शब्द लिहिला, आणि जोडणी झाली. एक गाठ सुटली.

आनंदाने संगणक आतल्या खोलीत नेला, तो जोडणी पुन्हा दहा-दहा मिनिटांनी तुटू लागली. कधी संगणक ‘जोडलेला’ दिसे, पण काहीच उघडत नसे. अशा वेळी त्याचा पत्ता पाहिला, तर आकडा १६९.२५४ ने सुरू होत होता. याचा अर्थ असा की, संगणकाने राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर आले नाही, म्हणून त्याने आपणच एक तात्पुरता पत्ता धारण केला. एरवी घरच्या राउटरने दिलेला पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. थोडक्यात, हाक जात होती, पण धडपणे ऐकू येत नव्हती. दुसरी गाठ ही होती.

येथे थोडे पदार्थविज्ञान सांगणे भाग आहे. भिंतीआडून विद्युत्‌लहरी पाठवता येतात, हे जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कलकत्त्यास घंटा वाजवून दाखविले होते. आजच्या बिनतारी इंटरनेटचे पहिले मानक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. घरातले राउटर मुख्यतः दोन पट्ट्यांत बोलतात. एक २.४ गिगाहर्ट्‌झचा, त्याच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर. दुसरा ५ गिगाहर्ट्‌झचा. त्याची लांबी सुमारे सहा सेंटिमीटर. दुसरा वेगवान खरा, पण भिंतीपुढे लवकर हात टेकतो. पहिला संथ, पण भिंतीपलीकडे अधिक पोहोचतो. लाकडी दार वा पातळ वीटभिंत लहरींना फारशी अडवीत नाही. जाड दगड, ओल आणि पाणी त्यांना शोषून घेतात, तर लोखंडी पत्रा त्यांना परतवून लावतो.

हे वाचल्यावर मी मोबाइल हाती घेऊन ओसरीपासून आतपर्यंत पावलापावलाने चाललो. ओसरीत लहरींची खूण पूर्ण होती, माजघरात अर्धी, आतल्या खोलीत नावापुरती. पुण्याच्या घरी भिंती चार-सहा इंचांच्या होत्या. येथे दगडमातीची दीड हात जाडीची भिंत, पावसाने ओलावलेली. आणि तिला टेकून आम्हीच सामान लावताना कपड्यांचे लोखंडी कपाट उभे केलेले! भरीस भर म्हणजे संगणकाचा बिनतारी खिळा पाठीमागे, पत्र्याच्या डब्याआड खोचलेला. जुन्या घरी हे सारे खपून गेले होते.

उपाय सोपे होते. काचतंतूची तार हाताळण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. ती फार वाकली तर तुटू शकते. ओसरीतली पेटी व राउटर यांच्यामधली साधी तार तेवढी लांब आणली आणि राउटर माजघरात, घराच्या मध्यभागी, उंच फळीवर ठेवला. मग कपाट दुसऱ्या भिंतीशी सरकवले. शेवटी तो खिळा छोट्या जोडतारेने टेबलावर पुढे आणला. प्रत्येक बदलानंतर खूण तपासली. प्रत्येक वेळी ती थोडी वाढली. राउटर हलवल्याने सर्वांत अधिक फरक पडला.

तरीही ताईच्या तासासाठी मी एक पाऊल पुढे टाकले. माजघरातून तिच्या टेबलापर्यंत कायमची तार ओढली. अशी तार शंभर मीटरपर्यंत बिनधोक चालते. आमचे अंतर पंधराही नव्हते. ज्या कामावर घर चालते ते वाऱ्यावर सोडू नये, हे मला पटले होते. आई, बाबा व मी बिनतारी जोडणी वापरतो आणि क्वचित तुटली तर तक्रार करीत नाही.

त्या सायंकाळी ताईचा तास सहा ते नऊ अखंड चालला. बाबा दाराबाहेर खुर्ची टाकून बसले होते; जर्मन त्यांना कळत नाही, पण तीन तास ते उठले नाहीत. “पाहू” म्हणणारा विद्यार्थी राहिला. गेलेल्या दोघांपैकी एकजण परत आला. दुसरा आला नाही. पहिल्याच दिवशी कागद घेऊन बसलो असतो तर कदाचित तोही गेला नसता, ही रुखरुख मला अजून आहे.

वाचक मित्रहो, आपणही केव्हा तरी घर बदलाल. तेव्हा सामान लावण्यापूर्वी राउटरची जागा ठरवा, जुने नाव नव्याला देऊ नका, आणि जोडणी रुसली तर आधी तार लावून पाहा. यंत्राचे ज्ञान नसले तरी चालेल. वाटेचे टप्पे पाडून एकेक तपासण्याचा धीर हवा. तो धीर कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही येतो, हे मी अनुभवाने सांगतो.