हिशेबाच्या वहीत सहलीची एक ओळ

आज आपण घरखर्चाबद्दल बोलणार आहोत आणि फिरायला जाण्याबद्दलही. तुम्ही म्हणाल, या दोन गोष्टींचं काय नातं? घरखर्च भागता भागत नाही, तिथे फिरायला कुठून जाणार? याच प्रश्नाचं उत्तर आज वही-पेन घेऊन काढायचं आहे.

बचत गटांच्या बैठकीत आम्ही बायांना एक प्रश्न विचारतो : गेल्या वर्षात घराबाहेर रात्र कुठे काढली? उत्तरं जवळपास सारखीच येतात. माहेरच्या लग्नात, बहिणीच्या बाळंतपणाला, दवाखान्यात पेशंटजवळ, नाहीतर कुणाच्या तेराव्याला. म्हणजे घर सोडलं, पण काम काही सुटलं नाही. नुसतं बघायला, बसायला, मुलांसोबत हसायला म्हणून बाहेर पडलेली बाई दहात एखादी निघते. आणि ती निघालीच तर पुष्कळदा ऐनवेळी ठरून, उसने पैसे घेऊन निघते. मग पुढचे चार महिने त्या दोन दिवसांचं ओझं वाहते आणि म्हणते, "नको बाई ते फिरणं."

आमचं म्हणणं असं, की फिरण्यामुळे घर बुडत नाही. वहीत न लिहिलेल्या खर्चाने घर बुडतं. सहल आधी लिहिली, तिचे पैसे थोडे थोडे बाजूला पडले, तर ती कर्जाशिवाय होते.

महिन्याचा नाही, वर्षाचा हिशेब

नोकरदाराचा पगार एक तारखेला येतो, म्हणून त्याला महिन्याचं बजेट जमतं. आपल्याकडे पैसा असा येत नाही. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास विकलं जातं, कापसाचे पैसे वेचणीप्रमाणे येतात, दुधाचा पगार दहा दिवसांनी आणि मजुरी आठवडी बाजाराला. खर्चही तसाच उड्या मारत येतो. जूनमध्ये बी-खत आणि शाळेच्या वह्या एकाच वेळी, श्रावणात सण, उन्हाळ्यात लग्नसराई. म्हणून आपली वही वर्षाची हवी.

वहीच्या डाव्या पानावर बारा महिने लिहा. प्रत्येक महिन्यापुढे कुठून किती पैसे येतात ते मांडा. शेतीच्या उत्पन्नातून बी, खत, फवारणी, मजुरी वजा करा. उरतं तेच घराचं. सगळ्याची बेरीज करून बाराने भागा. येईल तो आकडा म्हणजे आपल्या घराचा सरासरी महिना.

समजा, एक घर आहे. नवरा-बायको, सासूबाई, चौदा वर्षांची मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा. दोन एकर शेती, एक म्हैस आणि मजुरी. वर्षाला हातात १,८०,००० रुपये येतात, म्हणजे महिन्याला सरासरी १५,०००. हे आकडे समजून घेण्यासाठी धरले आहेत, तुम्ही तुमचे मांडा. उजव्या पानावर खर्च असा येईल :

किराणा, गॅस, भाजी – ५,२००
शाळा, वह्या, शिकवणी – १,८००
दवाखाना, औषधं – १,०००
वीज, मोबाईल – ७००
पेट्रोल – १,०००
गटाची बचत आणि कर्जाचा हप्ता – १,७००
सण, कपडे, आहेर – १,६००
अडीअडचणीची शिल्लक – ८००
सहल – ३००

बेरीज होते १४,१००. पंधरा हजारांतून उरले ९००. पण महिन्याअखेर हे ९०० डब्यात सापडत नाहीत. त्यांना आपण 'किरकोळ' म्हणतो. ज्या घरात सहलीची ओळच नसते, तिथे हे किरकोळ १,२०० होतं. म्हणजे सहलीचे तीनशे रुपये तिथेही खर्च होतातच, फक्त सहल होत नाही.

तीनशे रुपये कुठून आणायचे?

पहिलं सांगायचं ते हे, की कुठून आणायचे नाहीत. मुलांच्या दुधातून नाही, सासूबाईंच्या गोळ्यांतून नाही आणि आपल्या ताटातूनही नाही. काटकसर म्हटली की बाई सगळ्यात आधी स्वतःचं फळ, स्वतःची तपासणी, स्वतःची चप्पल कापते. ती काटकसर पुढे दवाखान्यात दुप्पट होऊन जाते.

मग कुठे बघायचं? एक महिना 'किरकोळ'ची ओळ फोडून लिहा. पाच-पाच रुपयांच्या पुड्या किती आल्या ते दिसेल. शाम्पू, चहा, बिस्किटं, कुरकुरे असं पुडीत घेतलेलं एकूण कितीला पडतं, ते बघा. तालुक्याला एकाच आठवड्यात तीनदा गाडी गेली का, तेही कळेल. तंबाखू-गुटख्याचे रोजचे वीस रुपये लिहिले की महिन्याला ६०० आणि वर्षाला ७,३०० होतात. हा आकडा भांडण न करता, फक्त वहीत दाखवायचा. पुष्कळदा वही जे बोलते ते आपल्याला बोलावं लागत नाही.

दुसरी जागा म्हणजे आहेर. टॉवेल-टोपी, ब्लाउजपीस, साडी. एका लग्नात मिळालेली टोपी दुसऱ्या लग्नात जाते, तिथून तिसऱ्या. कोणी घालत नाही, पण सगळे विकत घेतात. भावकीतल्या चार घरांनी मिळून ठरवलं की आहेर बंद किंवा ठरलेली छोटी रक्कम पाकिटात, तर कुणाचा मान जात नाही आणि लग्नसराईचे हजार-दीड हजार वाचतात. एकटीने ठरवलं तर बोल लागतो, चौघींनी ठरवलं तर रीत होते.

आधी अडचण, मग सहल

वहीत अडीअडचणीची ओळ सहलीच्या वर ठेवली आहे, ती मुद्दाम. दोन्ही पैसे वेगळे ठेवायचे. पोस्टात दरमहा शंभर रुपयांपासून आवर्ती ठेव सुरू करता येते, पण ती पाच वर्षांची असते. त्यामुळे ती मोठ्या कामासाठी बरी. वर्षाच्या सहलीसाठी बचत खातं पुरतं.

मध्येच घरात आजारपण आलं तर सहलीचे पैसे वापरायचे, त्यात दुमत नाही. फक्त वहीत लिहायचं : "सहलीतून उसने १,२००." आणि पैसा आला की परत भरायचे. दुकानदाराची उधारी आपण लिहितो आणि फेडतो. स्वतःच्या विसाव्याची उधारी मात्र लिहीतच नाही, म्हणून ती कधी फिटत नाही.

सहलीसाठी कर्ज मात्र नको. गटातून ५,००० रुपये महिना दोन टक्क्यांनी घेतले आणि दरमहा ५०० मुद्दल फेडली, तर पहिल्या महिन्याचं व्याज १००, मग ९०, मग ८०, असं दहा महिन्यांत ५५० होतं. पाच हजारांची सहल ५,५५० ला पडली. शिवाय त्याच दिवसांत मुलाच्या फीसाठी कर्ज लागलं, तर आपलं नाव आधीच लागलेलं. गटाचं कर्ज शेळी, शिलाई मशीन, दवाखाना, शिक्षण यासाठी ठेवा. घरात आठवड्याचा हप्ता थकलेला असेल, तर यंदा मुक्कामाची सहल नाही, एका दिवसाची करा. हे कडक वाटेल, पण ज्या सहलीची धास्ती मनात असते तिथे मन रमत नाही.

दोन दिवस वेरूळ

आता ३०० गुणिले १२, म्हणजे ३,६०० रुपयांत काय होतं ते बघू. आम्ही जालना जिल्ह्यातल्या, म्हणून वेरूळचं उदाहरण घेतो. जालन्याहून छत्रपती संभाजीनगर साधारण ६० किलोमीटर, तिथून वेरूळ आणखी ३०. शनिवारी सकाळी निघायचं, रविवारी संध्याकाळी घरी.

प्रवास एसटीने. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं आहे. पंच्याहत्तरी पार केलेल्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे, त्यांचं आधार कार्ड सोबत ठेवा. गावापासून वेरूळपर्यंत पूर्ण तिकीट १८० रुपये धरलं, तर नवऱ्याचे १८० आणि बाकी चौघांचे प्रत्येकी ९०. एका बाजूचे ५४०, जाऊन-येऊन १,०८०. सवलत नसती आणि फक्त मुलाचं अर्धं असतं, तर हेच १,६२० झाले असते. म्हणजे सवलतीतच जवळजवळ एका रात्रीच्या खोलीचे पैसे निघाले. खासगी जीप करायची असेल तर हा फरक आधी मांडा.

पूर्ण हिशेब असा :

एसटी – १,०८०
लेण्यांचं तिकीट, तीन मोठ्यांचं प्रत्येकी ४० धरून – १२०
भक्तनिवास किंवा साध्या लॉजची खोली – ६००
रविवारचं एक जेवण, पाच जणांचं – ६००
चहा, नाश्ता – ३००
रिक्षा – २००
मुलांची खरेदी – २००
हाताशी जादा – ३००

एकूण ३,४००. वर दोनशे शिल्लक. पंधरा वर्षांखालच्या मुलांना लेण्यांत तिकीट लागत नाही. शनिवारची दोन्ही जेवणं घरून न्यायची. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कांदा. दशमी दुधात भिजवलेली असली की रात्रीपर्यंत मऊ राहते. पाण्याच्या बाटल्या घरून भरून न्यायच्या, नाहीतर पाच जणांच्या पाण्यातच शंभर रुपये जातात. मुलांना खरेदीचे पैसे निघतानाच हातात द्या, शंभर-शंभर. आपले पैसे म्हटले की तीच मुलं दुकानात भाव विचारायला लागतात.

वेरूळला एकूण ३४ लेणी आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. सगळी बघायचा अट्टहास नको. सोळावं लेणं म्हणजे कैलास, त्याला वेळ द्या. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणून हे मंदिर घडवलं. आधी कळस, मग खाली पाया. मुलांना हे आधी सांगून ठेवलं की ती वर मान करून बघत राहतात. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांना कैलासाच्या अंगणात सावलीत बसवा, तिथूनही पुष्कळ दिसतं.

रविवारी पहाटे घृष्णेश्वराचं दर्शन. बारा ज्योतिर्लिंगांपैकी हे एक, लेण्यांच्या अगदी जवळ. परतीच्या वाटेवर खुलताबादला भद्रा मारुती आहे, झोपलेल्या मुद्रेतला. दौलताबादचा किल्लाही त्याच रस्त्यावर आहे, पण चढ मोठा आहे आणि तिकीट वेगळं. तो पुढच्या वर्षासाठी ठेवा. एका सहलीत सगळं कोंबलं की खर्चही वाढतो आणि पायही भरून येतात.

दिवस निवडताना दोन गोष्टी बघा. लेणी मंगळवारी बंद असतात. आणि श्रावण, महाशिवरात्र, दिवाळीच्या सुट्ट्या या काळात गर्दी आणि खोल्यांचे भाव दोन्ही चढतात. सोयाबीन घरात आल्यानंतर मार्गशीर्ष-पौषातला एखादा शनिवार-रविवार आपल्याला सोयीचा. हवा थंड, हातात थोडा पैसा, मुलांच्या परीक्षा अजून लांब.

एका दिवसाच्या वाटा

ज्यांना यंदा मुक्काम जमणार नाही, त्यांनी सकाळची एसटी धरून संध्याकाळी परत यावं. आमच्या बाजूला राजूरचा गणपती आहे, रामदास स्वामींचं जन्मगाव जांब समर्थ आहे, जिजाऊंचं जन्मस्थान सिंदखेडराजा जालन्याहून साधारण ३० किलोमीटरवर आहे, पैठणला नाथांची समाधी आणि नाथसागर आहे. डबा घरचा असला की खर्च बहुतेक तिकिटाचाच. वर्षाच्या तीन हजार सहाशेत एक मुक्कामाची सहल करा किंवा तीन-चार अशा दिवसाच्या. घरात बसून ठरवा.

गटाची सहल काढायची असेल तर वेगळी भिशी लावा. बारा जणींनी दरमहा शंभर टाकले तर वर्षाला १४,४०० होतात. पण हे पैसे गटाच्या बचतीत मिसळू नका. त्यांची वही वेगळी ठेवा आणि दोघींच्या सह्या घ्या. मधूनच कुणाला बाहेर पडावं लागलं तर तिचे पैसे किती दिवसांत परत द्यायचे, तेही पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा. मैत्री टिकवायची असेल तर हिशेब चोख हवा.

धार कोण काढणार?

पैसे जमले तरी बाई अडते ती इथे. म्हशीची धार, गुरांचं वैरण-पाणी. याला आपल्याकडे जुनं औषध आहे, सावड. खुरपणीला आपण एकमेकींच्या रानात जातो ना? तसंच या शनिवारी शेजारीण आपल्या म्हशीची धार काढेल, तिच्या सहलीला आपण तिच्या. म्हैस नव्या हाताला पान्हा सोडत नसेल तर चार दिवस आधीपासून शेजारणीला सोबत बसवा.

आणि एक. सहलीत चूल पुन्हा बाईनेच पेटवायची असेल तर ती तिची सहल नव्हे. म्हणून निघायच्या आदल्या रात्री कामं वाटून घ्या. पिशव्या नवऱ्याकडे, तिकिटं आणि खर्चाची नोंद मुलीकडे, पाणी मुलाकडे. चौदा वर्षांची मुलगी दोन दिवसांचा हिशेब लिहायला शिकली, तर उद्या तिच्या घरची वहीही तीच लिहील.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला येताना तीन ओळी लिहून आणा. घराचा सरासरी महिना किती, 'किरकोळ'मध्ये किती जातात आणि आपल्या घराला कुठे जायला आवडेल. तिसरी ओळ घरातल्या सगळ्यांना विचारून लिहा, सासूबाईंनाही. त्यांना आजवर कुणी हे विचारलं नसेल.