क्लासला न्यायचं मशीन

क्विल्टिंगच्या क्लासला नाव घातलं, की पहिला प्रश्न मशीनचा येतो. घरात सासूबाईंच्या वेळचं काळं लोखंडी मशीन असतंच, पण पाट आणि झाकणासकट ते दहा-बारा किलोंच्या पुढे जातं. ते रिक्षात कोण घालणार आणि दुसऱ्या मजल्यावर कोण चढवणार? मग हलक्या मशीनची चौकशी सुरू होते आणि ज्याला त्याला सल्ला सुचतो. हे सल्ले बहुतेक कपडे शिवणाऱ्यांचे असतात. ब्लाउज, फॉल-पिको, पँटची बॉटम यासाठी ते ठीक आहेत. पाव इंचाच्या शिवणीने शंभर तुकडे जोडायचे असतील, तर हिशेब बदलतो.

“हलकं म्हणजे तकलादू” हा त्यातला सगळ्यात चिवट समज. त्याला उत्तर म्हणून एकच मशीन पुरे आहे: सिंगर 221, म्हणजेच फेदरवेट. हे 1933 मध्ये अमेरिकेत बाजारात आलं आणि 1960च्या दशकाच्या अखेरपर्यंत बनत राहिलं. वजन साधारण पाच किलो. अंग अ‍ॅल्युमिनियमचं, डाव्या हाताची फळी बिजागरीवर वर दुमडणारी, आणि सगळं एका छोट्या पेटीत बसणारं. टाका फक्त सरळ. झिगझॅग नाही, काज करायची सोय नाही. तरीही अमेरिकेतल्या क्विल्टिंगच्या वर्गांत ही जुनी मशीनं आजही दिसतात, कारण त्यांचा सरळ टाका खरोखर सरळ पडतो. खालचं झाकण काढलं की दातेरी चाकं दिसतात, त्यांना ग्रीस आणि बाकी सांध्यांना तेल दिलं की मशीन कुरकुरत नाही. न्यू जर्सीतल्या एलिझाबेथच्या कारखान्यात ती बनत. आज तिथून जवळच्या एडिसन परिसरात मराठी घरं पुष्कळ आहेत, तेव्हा एखादीला जुन्या बाजारात हे मशीन सापडणं अशक्य नाही. सापडलंच तर दोन गोष्टी आधी कळलेल्या बऱ्या. सुईची चपटी बाजू डावीकडे ठेवायची आणि दोरा उजवीकडून डावीकडे ओवायचा. नेहमीच्या सवयीने उलटं केलं तर टाका पडत नाही आणि बिचारं मशीन बदनाम होतं. दुसरं, त्याचं बॉबिन त्याचंच. दुकानात सहज मिळणारं नेहमीचं बॉबिन त्यात चालत नाही.

म्हणजे हलकेपणा दोन प्रकारचा. एक धातू बदलून आलेला, दुसरा आतलं सामानच कमी करून आलेला. ऑनलाइन हजार-दोन हजारांत मिळणारी मिनी मशीनं दुसऱ्या प्रकारातली. चार पेन्सिल सेलवर किंवा सहा व्होल्टच्या अडॅप्टरवर ती चालतात, आणि बहुतेकांत टाक्याची लांबी बदलताच येत नाही. उसवलेली उशीची खोळ शिवायला ठीक आहेत. तीन थर एकत्र आले की त्यांचा दम सुटतो. क्लासला यातलं मशीन नेलं तर शिकवणाऱ्या बाईंचा अर्धा वेळ त्याच्यातच जाईल. या दोन टोकांच्या मधे पाच ते सात किलोंची, आत धातूचा सांगाडा आणि वर प्लास्टिकचं कवच असलेली घरगुती इलेक्ट्रिक मशीनं येतात. बहुतेकींसाठी योग्य मशीन तिथेच असतं.

“जितके जास्त टाके, तितकं चांगलं मशीन.” दुकानदाराला हे वाक्य फार आवडतं. क्लासमध्ये लागतो सरळ टाका. वरून तुकडा लावायचं काम असेल तर झिगझॅग. वेलबुट्टीचे साठ टाके पेटीवरच छान दिसतात. पैसे द्यायचेच तर थांबल्यावर सुई कापडातच राहण्याच्या सोयीला द्यावेत, म्हणजे कोपऱ्यावर कापड वळवताना रेघ सुटत नाही. पाव इंचाचा पाय मिळतो का, हेही विचारून घ्यावं.

या पाव इंचाचं महत्त्व आकड्यात पाहा. बारा तुकड्यांची एक पट्टी, म्हणजे अकरा शिवणी. प्रत्येक शिवण फक्त एक मिलिमीटर जास्त घेतली, तरी दोन्ही बाजूंचे तुकडे मिळून दोन मिलिमीटर आत जातात. पट्टी संपेपर्यंत बावीस मिलिमीटर गायब, जवळजवळ एक इंच. मग शेजारची पट्टी जुळत नाही आणि आपण कापणाऱ्या हाताला दोष देतो. मशीनची पारख करायला दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या पुरतात. त्या एकमेकींना जोडा, शिवण एका बाजूला दाबून इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर एक इंच भरली पाहिजे.

“हलक्या मशीनवर गोधडी होतच नाही” यात थोडं तथ्य आहे, पण कारण वेगळं सांगितलं जातं. पातळ कापूस मधे घातलेले तीन थर बऱ्या घरगुती मशीनला जड नाहीत. चौदा नंबरची सुई आणि जरा लांब टाका लागतो. अडचण असते जागेची. सुईपासून मशीनच्या खांबापर्यंतचं अंतर छोट्या मशीनमध्ये सहा इंचांच्या आसपास असतं आणि डबल बेडची गोधडी गुंडाळून त्यातून ढकलणं म्हणजे कुस्तीच. पाळण्यातल्या बाळाची दुपटी, टेबल रनर, उशीचे अभ्रे मात्र आरामात होतात, आणि क्लासमध्ये शिकवतातही तेच. खालचे दाते खालचा थर पुढे ओढतात, वरचा मागे राहतो, म्हणून चुण्या पडतात. त्यावर वॉकिंग फूट हा उपाय. वरचा थरही तो बरोबरीने सरकवतो. मोठी गोधडी क्लासमध्ये जोडून घ्यावी आणि घरी धावदोऱ्याने भरावी. जुन्या साड्यांचे चार-सहा थर टाचणाऱ्या आज्ज्यांनी मशीनची वाट कधी पाहिली?

वॅट जास्त म्हणजे ताकद जास्त, हेही डोक्यातून काढावं. इलेक्ट्रॉनिक मशीनमध्ये हळू चालवतानाही सुईचा जोर टिकतो, आणि शिकताना हळूच चालवायचं असतं.

अमेरिकेतून भाची मशीन आणते म्हणाली तर आधी व्होल्टेज विचारा. तिथलं मशीन 110 ते 120 व्होल्टचं, आपल्याकडे 230. फक्त प्लगचा अडॅप्टर लावून ते सुरू केलं तर मोटार नाही तर सर्किट जळतं. ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण तो स्वतःच चांगला वजनदार असतो. हलक्या मशीनमधली बचत तिथेच संपते.

वजनाचा आकडाही नीट वाचावा. माहितीपत्रकात बहुधा नुसत्या मशीनचं वजन असतं. पायडल, वायर, जोडफळी, टणक झाकण वेगळं. शिवाय फार हलकं मशीन घडीच्या टेबलावर थरथरतं, त्याच्याखाली रबरी चटई लागते. दुकानात जाताना आपलेच सुती तुकडे आणि आपला दोरा न्यावा, कारण दाखवायला ठेवलेल्या कडक कापडावर कुठलंही मशीन गुणी वाटतं. पायडल आपल्या पायाने दाबावं, अगदी सावकाश. एकेक टाका पडतो, की मशीन एकदम सुसाट सुटतं, ते पाहावं. मग सगळं सामान पेटीत घालून मुठीला धरून उचलावं, आणि दुकानाला जिना असेल तर दोन पायऱ्या चढून बघाव्यात. दुकानदार हसला तर हसू द्यावा.